बाबांच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

बाबांची परवाची दुर्बिणीची तपासणी स्वच्छ आली. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरात असाच पेशंट असलेल्यांपर्यंतही ते पोचायला हवं.

लघवीच्या पिशवीचा कॅन्सर, पण स्नायूपर्यंत न गेलेला; गाठ खरवडून काढलेली; ती पुन्हा येऊ नये म्हणून बीसीजी या औषधाचे सहा डोस, नळीने थेट पिशवीत. इतकं आम्हाला आधी कळलं होतं. पण जो तो म्हणायचा, 78 व्या वर्षी कशाला जिवाला त्रास? तुमच्याकडे आलो तेव्हा आमचंही मन नकोकडेच झुकलेलं होतं.

तुम्ही फाइल मिटलीत आणि थेट बाबांशी बोलायला लागलात. "काका, रात्री किती वेळा उठावं लागतं? दोन तास लघवी धरून ठेवता येईल? जिना चढताना धाप लागते का? स्टेरॉइडची गोळी कुठली चालू आहे?" तोवर बाबांना कुणी काही विचारलंच नव्हतं, सगळे आमच्याशीच बोलायचे.

वयाचं तुम्ही लपवलं नाहीत, आणि त्यासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. बीसीजी म्हणजे टीबीच्या लसीतलेच जिवंत, पण दुबळे केलेले जंतू. ते पिशवीच्या अस्तराला चिकटतात, आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे धावून येतात आणि उरलेल्या कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडतात. म्हणजे खरं काम आपलंच शरीर करतं. वयाबरोबर थायमस ग्रंथी आक्रसते, प्रतिकारशक्तीच्या नव्या टी-पेशी कमी तयार होतात, त्यामुळे उतारवयात परिणाम थोडा उणा पडू शकतो, हे तुम्ही केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून समजावलंत. युरोपातल्या 2014 च्या अभ्यासाबद्दलही सांगितलंत: सत्तरीपुढच्यांमध्ये रोग पुढे सरकण्याचा धोका जास्त दिसला, पण गाठ पुन्हा उगवण्यात वयामुळे फारसा फरक नव्हता, आणि त्या वयातही एपिरुबिसिन या केमोच्या औषधापेक्षा बीसीजीच सरस ठरली. हे ऐकून बाबांनी स्वतः होकार दिला.

"सहाच डोस का?" या त्यांच्या प्रश्नालाही तुम्ही ओपीडीच्या गर्दीत वेळ दिलात. कॅनडाच्या डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी 1976 मध्ये नऊ रुग्णांचे अनुभव छापले; तेव्हा लस सहाच्या पाकिटात यायची, तो आकडा पुढे रूढ झाला. बाबा हे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

आणि तो दिवस. डोससाठी कॅथेटर (ती नळी) घालताना लघवीत रक्त दिसलं आणि तुम्ही तयार केलेला डोस दिला नाहीत. जिवंत जंतू रक्तात गेले तर या वयात जिवावर बेतू शकतं, म्हणालात. आम्ही लांबून आलो होतो, तरी पुढची तारीख देऊन परत पाठवलंत. तेव्हा आमची चिडचिड झाली. आज त्या नकाराचे आभार मानते.

डोसनंतर बसूनच लघवी करायची, सहा तास दरवेळी संडासात ब्लीच टाकून 15 मिनिटं थांबायचं, हे सिस्टरनी आईला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

एक विनंती आहे. केसपेपरमागचं ते चित्र आणि तुमचे प्रश्न मराठीत छापून ओपीडीत ठेवता येतील का? टायपिंग मी करून देईन. पहिल्या सहानंतर परिणाम टिकवण्यासाठीच्या पुढच्या तीन डोससाठी येऊ तेव्हा मसुदा घेऊन येते, तुम्ही फक्त तपासून द्या.

तुमच्या पेशंटची मुलगी