बाल्कनीच्या सागवानावर ग्राइंडर नको, राजेहो

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या थिएटरचं काम निघालंय, बरंच झालं, पण परवा आत डोकावलो तर बाल्कनीच्या नक्षीदार कठड्यावर पोरं ग्राइंडर फिरवून राहिली होती आणि बाजूला चॉकलेटी ऑइलपेंटचे डबे मांडलेले. उजवीकडच्या वेलबुट्टीची पानं पार सपाट, देठ तेवढे उरले. ठेकेदार म्हणे, काका, उद्घाटनापर्यंत एकदम चकाचक करून देतो. चकाचकच नको ना बाप्पा!

जुन्या सागवानावर बहुतेक लाखेचं स्पिरिट पॉलिश असते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एखाद्या कोपऱ्यात जरा दाबून धरा, पॉलिश चिकट झालं आणि बोळा तांबूस झाला की समजायचं लाख आहे, मग ती स्पिरिटनेच निघते, घासायचं काम नाही. वर जुन्या ऑइलपेंटचे थर असतील तर आणखी जपून, त्यात शिसं असू शकते आणि कोरडं घासलं की ती धूळ त्या पोरांच्याच छातीत जाते, कोणाच्या तोंडाला साधा रुमालही नव्हता. कॉस्टिक सोड्याने रंग झटपट सुटतो खरा, पण सागवान काळं पडते आणि सरसाने चिकटवलेले जुने जोड ढिले होतात.

भेगांचंही तेच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर, लाकूड आकसते, भेगा उघडतात, आणि मिस्त्री त्यात गच्च लांबी, म्हणजे पुट्टी, भरून मोकळा होतो, मग पावसाळ्यात लाकूड फुगलं की लांबी तरी निखळते नाहीतर बाजूचं लाकूड चिरते. हे काम दिवाळीच्या आसपास करा. वाळवीने खाल्लेलं तेवढंच पटाशीने काढायचं आणि लाकडाच्या रेषा जुळवून सागाचाच तुकडा बसवायचा. साग आणायला कुठं लांब जायचं आहे? अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहून सागवान गेलं, आणि आपण इथं प्लायवर सनमायका चिकटवायच्या गोष्टी करतो.

आणि वायरिंग आधी बघा हो. नागपूरकर भोसल्यांचा इथला लाकडी कोरीवकामाचा राजवाडा 1864 च्या आगीत गेला ते जुनं झालं, पण कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 ला जळालं ते तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. या थिएटरात कठड्यामागून उघड्या वायरी लोंबत आहेत आणि त्याच्याच खाली थिनरचे कॅन.

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस 1993 ला बंद पडलं ते 2016 ला उघडलं, आपल्याला एवढं नको, पण उद्घाटनाची तारीख दोन-चार महिने पुढं गेली तर काय बिघडते? शहराच्या हेरिटेज कमिटीतल्या कोणीतरी या आठवड्यातच येऊन पाहावं, डावीकडच्या कठड्याला अजून ग्राइंडर लागलेलं नाही.

एक नाट्यवेडा वाचक,
महाल, नागपूर