आई कुठं उभी आहे?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला प्रसंग पाहिला. घर विकण्यावरून दोघे भाऊ भांडतात आणि तू दर वाक्याला कट करून बोलणाऱ्याचा चेहरा दाखवतेस. संवाद झकास आहेत. पण त्यांची आई कुठं उभी आहे? ती घरातच आहे ना!

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'हाय अँड लो' (१९६३) हा सिनेमा मिळवून बघ. सुरुवातीचा जवळजवळ तासभर सगळं योकोहामातल्या टेकडीवरच्या एका दिवाणखान्यात चालतं. गोंडो हा बुटांच्या कंपनीतला बडा अधिकारी. त्याचा मुलगा समजून कुणीतरी त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा पळवतो, पण खंडणी मागतो गोंडोकडेच. पैसे दिले तर गोंडो बुडणार.

तू फक्त त्या ड्रायव्हरवर लक्ष ठेव. मालक, मालकीणबाई, पोलीस, सगळे बोलत असतात. मुलगा ज्याचा गेलाय तो मात्र मान खाली घालून, लांब. कुणी त्याला जवळ बोलावत नाही, आपणहून पुढं यायची त्याची छाती नाही. पुढं तो गोंडोच्या पायांशी कोसळतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण मधलं अंतर आपण इतका वेळ पाहिलेलं असतं.

आणि ते पडदे! गुन्हेगार खालच्या वस्तीतून घरावर नजर ठेवून असतो. फोनवरून तो पडदे उघडायला लावतो आणि आतले पोलीस पटकन खाली पडून लपतात. फोन धरलेला गोंडो उभा, कायद्याचे रखवालदार जमिनीवर. त्या घरात आता हुकूम कुणाचा चालतो, हे कुणी बोलून दाखवावं लागत नाही.

हे ऐनवेळी सुचत नाही. कुरोसावा तालमीत प्रसंग पक्का बसवून घ्यायचा आणि एकापेक्षा जास्त कॅमेरे लावून सलग लांब शॉट घ्यायचा. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत आमच्यावर ओरडा व्हायचा, ‘प्रेक्षकांना पाठ दाखवू नका!’ सिनेमात खुशाल दाखव. पाठ फिरवलेला माणूस बरंच काही सांगतो.

क्लोजअप नकोत असं नाही. दोन ठेव, तेही शेवटाकडे.

पुन्हा शूट करणार असशील तर आईला स्वयंपाकघराच्या दारात उभी कर, दोघांच्या मधे दिसेल अशी. तिला वाक्य देऊ नकोस. कॅमेरा मागं न्यायला जागा पुरत नसेल तर दिवाण जिन्यात काढून ठेवा. घरमालकांशी मी बोलतो.

तुझा,
बाबा