‘ग्राहक घरी नाही’ या खोट्या शेऱ्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: न पोहोचलेलं पार्सल आणि त्यावरचा शेरा

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि आमसुलं मागवली होती. (दुधाच्या पदार्थांना इथले जैवसुरक्षेचे अधिकारी आत येऊ देत नाहीत, म्हणून पेढ्यांचा मोह टाळला.) ‘ऑस्ट्रेलियात कुठेही घरपोच’ असं तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलं आहे. ४४८२ हा माझा पिनकोड फॉर्मने मुकाट घेतला, पाठवणावळही आगाऊ घेतली. मग ट्रॅकिंगवर शेरा उमटला: ‘घरी जाऊन आलो, ग्राहक घरी नाही.’

कोण आलं होतं?

मी राहते ते बर्ड्सविल हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, सिम्पसन वाळवंटाच्या कडेचं गाव. वस्ती जेमतेम शंभर-सव्वाशे. पर्यटकांचा मोसम सोडला तर अनोळखी गाडी शिरली की ती कुठून आली, कोणाकडे आली, हे संध्याकाळपर्यंत पबमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. कुरिअरची व्हॅन कोणीही पाहिलेली नाही. शिवाय त्या आठवड्यात डायमँटिना नदीला पूर होता आणि रस्ते बंद होते. इथे पूर यायला गावात पाऊस पडावा लागत नाही; उत्तरेकडे पडलेलं पाणी काही दिवसांनी, डोक्यावर लख्ख ऊन असताना उतरतं. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. तेव्हा तुमचा माणूस पोहत आला असेल तर त्याचं कौतुक, पण मग दार वाजवायचं तरी!

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, “मॅडम, जवळच्या डेपोतून घेऊन जा.” तो डेपो ब्रिस्बेनला आहे, सुमारे १,६०० किलोमीटरवर. पुण्याहून दिल्ली त्याहून जवळ पडते. न नेल्यास पार्सल परत जाईल आणि परतीचा खर्च माझ्याकडून कापला जाईल, हेही त्यांनी गोड आवाजात सांगितलं.

गाव लांब आहे हे मला मान्य आहे. उशीर चालतो, इथे राहणाऱ्याला त्याची सवयच असते. पण १९३६ पासून वीसेक वर्षं टॉम क्रूस नावाचे टपालवाले (सिनेमातले नव्हेत) दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मारी ते बर्ड्सविल हा पाचशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग ट्रकने करत. वाळूत चाकं रुतली की खाली लोखंडी पत्रे घालत, कूपर क्रीकला पूर आला की टपाल होडीतून पलीकडे नेत. आज तर आठवड्यातून दोनदा विमान उतरतं. ऑस्ट्रेलिया पोस्टने, म्हणजे इथल्या सरकारी टपालसेवेने, पाठवलेलं पार्सल मिळतं. तुमच्या कुरिअरला इथे यायचं नसेल तर त्याने तसं लिहावं, मला गैरहजर ठरवू नये.

माझ्या मागण्या अशा. पार्सल ऑस्ट्रेलिया पोस्टकडे सोपवून, जादा खर्च न घेता पाठवा. जमत नसेल तर पाठवणावळीसह पूर्ण पैसे परत करा. परतीचा खर्च मी देणार नाही. तो शेरा नोंदीतून काढून तसं मला लेखी कळवा. आणि जिथे तुमचं कुरिअर जात नाही, ते पिनकोड पैसे घेण्याआधीच ग्राहकाला दाखवा.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाईन. ऑर्डरची पावती, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट आणि रस्ते बंद असल्याची कौन्सिलची सूचना सोबत जोडली आहे.

आपली,
बर्ड्सविलची एक ग्राहक