जळजळ खोटी नाही

आर्वी तालुका, जि. वर्धा

प्रिय प्रकाश,

तुझं पत्र ऐन वेचणीत हाती आलं. ‘दुर्बीण टाकली, काहीच निघालं नाही, आता घरी सांगायचीही लाज वाटते,’ हे वाचलं आणि जीव कालवला. तुझी जळजळ खोटी नाही. आधी एवढं मनात पक्कं कर, मग पुढचं वाच.

माझी तीन वर्षं अशीच गेली. मोठा भाऊ म्हणायचा, ‘काई नाई झालं तुले, टेन्शन घेऊन राहिला तू.’ मी ॲसिडिटीची गोळी एकाची दोन केली, ठेचा सोडला, चहा सोडला, तरी छातीत आग ती आगच. शेवटी नागपूरला गेलो. तिथं आठवडाभर गोळ्या बंद ठेवून नाकातून आम्ल मोजणारी बारीक नळी अन्ननलिकेत सोडली. २४ तास ती तशीच. कमरेला यंत्र, आणि जळजळलं की बटण दाबायचं.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. अन्ननलिकेत आम्ल दिवसाच्या ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ असेल तर ते साधारण मानतात. माझं त्याहून कमीच होतं. पण मी बटण दाबलं त्यातल्या बहुतेक वेळी, जेमतेम दोन मिनिटं आधी, थोडं आम्ल वर आलेलं दिसत होतं. तेवढं कोणाच्याही पोटातून येतं, त्यांना कळतही नाही. मला कळत होतं, कारण माझ्या अन्ननलिकेच्या नसा जास्त हळव्या झाल्यात. वैशाखात पाठ भाजल्यावर सदरा टेकला तरी चटका बसतो ना, तसं. सदऱ्याचा दोष नसतो, पण चटका खराच असतो.

मिरचीचं तर मला फारच नवल वाटलं. मिरचीचा तिखटपणा ज्या ग्राहीमुळे, म्हणजे नसांवरच्या संवेदना टिपणाऱ्या कणामुळे, नसांना कळतो, तोच ग्राही उष्णतेनं आणि आम्लानंही जागा होतो. तो शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलचे एक मानकरी. आपल्या भिवापुरी मिरचीला आग म्हणतात ते शब्दशः खरं आहे बघ.

डॉक्टरांनी मग झोपेचं विचारलं. आता झोप कुठली? लाइट रात्रीची, म्हणून ओलीत रात्री. तुरीत रानडुकरं घुसतात, म्हणून जागल. झोप तुटली की या नसा आणखी हळव्या होतात. आणि आता जळेल, मग जळेल, म्हणून मन छातीकडेच लागलेलं असलं की मेंदूही तो निरोप मोठा करून ऐकतो. भाऊ म्हणायचा त्यात एवढंच तथ्य होतं. पण ‘मनामुळे वाढतं’ आणि ‘मनाचे खेळ’ यात फार फरक आहे, प्रकाश. तीन वर्षं तो कुणी मला सांगितला नाही, याचं दुःख अजून आहे.

सकाळची ॲसिडिटीची एक गोळी चालू आहे, जेवणाच्या अर्धा तास आधी. रात्री आणखी एक, अगदी थोड्या मात्रेची. जास्त मात्रेत ती उदासीच्या आजाराला देतात. मेडिकलवाल्यानं तसं सांगितल्यावर घरात रडारड झाली. मी डॉक्टरांना पुन्हा विचारून आलो. थोड्या मात्रेत ती नसांचा हळवेपणा कमी करते. गुण यायला काही आठवडे लागले. माझी गोळी पाहून तू मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नको. जेवल्यावर पोटानं सावकाश श्वास घ्यायलाही शिकवलंय, तो मी बांधावर बसून घेतो.

एक मात्र विचारतो, खरं सांग. घास अडकतो का? वजन उतरलं का? शौचाला काळी होते का? यातलं काही असेल तर थांबू नको. आणि छातीत दाटून घाम आला तर पित्त म्हणून घरी बसू नको, आधी ईसीजी काढ.

जागल यंदा भाचा करतो, त्यामुळे मी मोकळा आहे. दारव्ह्याहून वर्ध्याला ये, दुर्बिणीचा कागद आणि जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घाल. मी स्टँडवर उभा राहीन, नागपूरला सोबत जाऊ. वहिनींनाही घेऊन ये. तो आलेख त्यांनाही दाखवायचा आहे.

तुझा,
विठ्ठल