पावशाला शिक्रा म्हणणाऱ्याकडून, ताईंना

नमस्कार ताई,

नाव लिहू नका म्हणालात म्हणून नाही लिहित, पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहिणार. माझ्या पक्ष्यांच्या यादीवर जे हसले ते पण सगळ्यांसमोरच हसले होते ना, मग आभार काय म्हणून गुपचूप मानायचे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. मी काही पक्षीमित्र वगैरे नव्हे. शुगर वाढली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, म्हणून घरामागच्या तळ्याला फेऱ्या मारायला लागलो. तळं म्हणजे जुन्या खाणीचा खड्डा हो, पावसात भरतो आणि मे महिन्यात तळाशी चार हात चिखल उरतो. एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला माळ, मधून पायवाट. एक फेरी चाळीस मिनिटांची, वेळ सकाळी साडेसहाची. रोज तेच ते बघून कंटाळा येऊ नये म्हणून वहीत लिहायला लागलो काय काय दिसलं ते, आणि मग चालणं राहिलं बाजूला आणि वहीच मुख्य होऊन बसली (शुगरचं विचारू नका).

त्यातून मी सुरुवात केली ती ऐन उन्हाळ्यात. थंडीतले पाहुणे निघून गेलेले, तळं आटत चाललेलं, ज्याला त्याला विचारावं तो म्हणे आता काय दिसणार, नोव्हेंबरात या. पण मला तर रोज काहीतरी दिसत होतं! तांबट सकाळपासून टुकटुक लावून बसायचा तो भर दुपारीसुद्धा थांबायचा नाही. कुंपणाच्या दगडावर सरडा गळा लालभडक करून जोर काढत बसलेला असायचा. जो चिखल उरला होता त्यावर फुलपाखरं नुसती चिकटून बसलेली, त्याला चिखलपान म्हणतात हे फार नंतर कळलं, तेव्हा वहीत मी "फुलपाखरं चिखल खातात???" असं लिहिलंय. खाणीच्या कडेला मातीत वेड्या राघूंची बिळं. हे सगळं एकाच वाटेवर, आणि मी ते एखाद्या कारकुनासारखं तारीख वेळ टाकून उतरवत होतो.

आणि शिक्रे, म्हणजे ते लहानसे शिकारी पक्षी. एप्रिल-मे मिळून वहीत अकरा दिवस शिक्रा आहे. राखाडी पाठ, छातीवर आडव्या फिकट रेघा, शेपटीवर पट्टे, चार वेळा पंख मारून मग तरंगत जाणार, आणि तो आला की बारके पक्षी आरडाओरडा करत मागे लागणार. शिक्राच की! मोबाईलवर चित्रं लावून पाहिली, अगदी तस्सा. एकदा तर एका फेरीत 7 शिक्रे लिहिले मी. तोच पक्षी या झाडावरून त्या झाडावर जात होता आणि मी दर झाडाला नवीन आकडा टाकत होतो, हे पण नंतरच कळलं.

उत्साहात ती यादी एका ग्रुपवर टाकली. कुठला ग्रुप ते जाऊ दे. कुणीतरी विचारलं फोटो आहे का, मी लांबून मोबाईलवर काढलेला धूसर फोटो टाकला, आणि मग सुरू झालं. एक जण म्हणाला, "साहेब, तुमचे शिक्रे पेरते व्हा पेरते व्हा म्हणतात का हो?" त्याच्याखाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मला जोकच कळला नाही. मी भाबडेपणाने लिहिलं, नाही, पेरते व्हा तर बाभळीतून दुसरा कुणीतरी ओरडतो, तो दिसत नाही. झालं! दोन दिवस माझ्यावर स्टिकर चालू होते. इतक्या जाणत्या लोकांत एकानेही सरळ एका ओळीत सांगितलं नाही, की बाबा रे, तो ओरडणारा आणि तुझा शिक्रा एकच आहे, त्याला पावशा म्हणतात, कोकिळेच्या कुळातला आहे तो. एक ओळ हो. स्टिकर शोधायला त्याहून जास्त वेळ लागतो.

त्याच ग्रुपवरच्या एकाने मात्र फार गोड बोलून माझ्याकडून टिटवीच्या घरट्याची जागा काढून घेतली होती. माळावर उघड्यावर खड्यांत चार अंडी, मी रोज लांबून बघायचो. उन्हाच्या काहिलीत ती टिटवी तळ्यावर जाऊन पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायची, अंडी गार राहावीत म्हणून. हे बघून मला काय वाटलं ते वहीत लिहिलेलं नाही, लिहिता आलंच नाही. जागा सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच जण कॅमेरे घेऊन हजर, दोन तास तिथेच ठिय्या, टिटवी वर घिरट्या घालत बोंबलतेय, खाली ऊन तापतंय. त्यानंतरच्या सकाळी अंडी नव्हती. कुणी नेली, कावळ्याने की मुंगसाने, मी पाहिलं नाही, त्यामुळे आळ घेत नाही. पण जागा मी सांगितली होती हे माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या आठवड्यात वही रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. खरंच ठेवली, नुसती म्हणायला नाही.

आणि मग तुमचा मेल आला. मी त्या याद्या ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) पण टाकत होतो, आणि तिथे आकडा वेगळा वाटला की कुणीतरी माणूस तो तपासतो, बिनपगारी, आपला वेळ घालून, याचा मला पत्ताच नव्हता. मेल बघितल्यावर पोटात गोळा आला, म्हटलं आता इथे पण. तुम्ही लिहिलं होतं, "तुमच्या याद्या वाचतेय. रोज एकच वाट, एकच वेळ, फार आवडलं. शिक्र्यांबद्दल थोडी शंका आहे, पण आधी सोबतचा फोटो बघा."

मला वाटलं पक्ष्याचा असेल, हा शिक्रा हा पावशा असं शेजारी शेजारी. तर तो निघाला तुमच्या वहीच्या पानाचा. रेघांची जुनी वही, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर निळ्या शाईत, "शिक्रा 1, लिंबावर, गुपचूप बसलेला." त्यावर एक सरळ रेघ मारलेली, आणि वर वेगळ्या शाईत, "नाही गं बाई, पावशा!!" आणि शेजारी समासात पुढच्या उन्हाळ्याची तारीख टाकून, "परत तीच चूक."

ताई, मी ते पान झूम करून करून किती वेळा पाहिलं असेल. माझी चूक सांगायच्या आधी तुम्ही स्वतःची काढून दाखवलीत, तीही एकदा नाही तर दोनदा केलेली. ते पान शोधायला तुम्हाला जुन्या वह्या उपसाव्या लागल्या असतील, आणि कुणासाठी, तर ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा माणसासाठी. नुसतं "चुकीची ओळख, दुरुस्त करा" एवढं लिहिलं असतंत तरी तुमचं काम झालं असतं. मी दुरुस्तही केलं असतं आणि परत कधी त्या वाटेला गेलो नसतो.

बाकीचं तुम्ही नंतर समजावलंत ते आता पाठ झालंय. पाय बघा, शिक्र्याचे पाय पकडायला असतात, पावशाचे नुसते बसायला. चोच बघा, त्याची आकड्यासारखी वळलेली, याची साधी. याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं बघा. आणि वर म्हणालात की अहो, तुमच्या त्या ओरडणाऱ्या बारक्या पक्ष्यांनाही तो शिक्राच वाटतो, तुम्ही-आम्ही कोण लागून गेलो! हे वाक्य मी घरात सगळ्यांना ऐकवलंय, ऑफिसात पण.

अजून एक गोष्ट. मी विचारलं होतं की त्या अकरा दिवसांची पानं फाडू का, तर तुम्ही म्हणालात खोडरबर पण लावायचा नाही, एक रेघ मारा आणि खालचं वाचता आलं पाहिजे. आणि ज्या दिवशी काही विशेष दिसणार नाही त्या दिवशीही फेरी मारा, दिसलेले सगळे कावळे-साळुंक्या लिहा, कारण सगळं लिहिलेलं असेल तरच जे लिहिलेलं नाही त्याला अर्थ येतो. मला हे समजायला एक अख्खा उन्हाळा लागला. या वर्षी चातक किती तारखेला आला हे मी छातीठोक सांगू शकतो ते एवढ्याच कारणाने, की त्याच्या आधीच्या रोजच्या पानांवर तो नाहीये. पावसाच्या आधी आफ्रिकेकडून एवढं पाणी ओलांडून तो येतो आणि माझ्या खाणीवरच्या बाभळीत बसतो, आणि त्याच्या आदल्या दिवशी तो नव्हता याचा साक्षीदार मी! हसू येतं, पण अभिमान पण वाटतो.

आणि तुम्ही आजपर्यंत एकदाही विचारलं नाहीत की टिटवीचं घरटं नक्की कुठे. मीच एकदा सांगायला लागलो तर म्हणालात, नको, मला नका सांगू, पिल्लं पळायला लागली की सांगा.

मला हल्ली वाटतं की हुशार माणसं पुष्कळ आहेत, ज्ञान तर आता मोबाईलवर ढिगाने पडलंय, पण समोरच्याला खाली न पाडता त्याची चूक सांगायची ही रीत कुठे शिकवत नाहीत. माझ्या शाळेत तर नव्हतीच, लाल शाईचा गोळा आणि वर्गासमोर वाचून दाखवणं एवढंच होतं. तुमच्याकडे ती कुठून आली देव जाणे. ग्रुपवरचा एक मुलगा परवा मला विचारत होता, काका हा काळा पक्षी कुठला, फोटोत तर चक्क कोतवाल, कुणीही सांगेल असा. बोटांवर उत्तर आलं होतं, पण आधी मी माझ्या वहीतलं पान काढून पाठवलं, जिथे मी कोतवालाला "शेपूट फाटलेला कावळा" लिहिलंय. त्याने हसायची चिन्हं पाठवली, पण ती वेगळी होती, कळतं ना आपल्याला.

वही रद्दीत गेली नाही हे वेगळं सांगायला नको. तिसरी चालू आहे. कालचं पान जोडतोय, अक्षर वाचता येईल अशी आशा.

"स. 6.30 ते 7.10. ढगाळ, पाऊस नाही. तळ्यात घोटाभर पाणी. टिटवी 2, पिल्लं 3, पळतात (आता सांगतो ताई, माळावर, मोठ्या दगडाच्या पलीकडे). चातक 1. सातभाई 8, नेहमीप्रमाणे भांडण. त्यांच्यामागे तोंड वासून ओरडत फिरणारं एक पिल्लू, सातभाईपेक्षा मोठं, दोघं जण त्याला किडे भरवताना पाहिले. छातीवर ठिपके, शेपटीला पट्टे. शिक्र्याचं पिल्लू?" आणि त्यावर एक सरळ रेघ.

तुमचा,
खाणीवरचा चालणारा