काकूंच्या गोळ्या मोज

नाशिक

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. औषध चालू असूनही काकूंचं बीपी १६०च्या खाली येत नाही, म्हणतोस. डोस वाढवण्याआधी गोळ्यांची पाकिटं मोज. दहा-दहाची तीन आणली असतील आणि महिन्यानंतरही बारा-पंधरा उरल्या असतील, तर त्या एक दिवसाआड घेतायत. जिनं जन्मभर तेलसुद्धा पळीनं मोजलं, तिला ‘आज बरं वाटतंय, आजची राहू दे’ यात काहीच वावगं दिसत नाही. पण बीपी वाढलेलं कळत नाही, आणि मार बसतो मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना. त्यांच्यावर रागावू नकोस. डॉक्टरांना मात्र खरं सांग. नाहीतर ते डोस वाढवतील, काकू तुझ्या धाकानं रोज घेतील आणि बीपी एकदम उतरून चक्कर येऊन पडतील. या वयात खुब्याचं हाड मोडणं फार वाईट.

गोळी पुरवून वापरायची सवय पैशानं लावलेली, ती पैशाचं कारण काढल्यावरच सुटेल. सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात. महिन्याभराच्या एकदम माग, जुना केसपेपर बरोबर ने.

काकू काडीसारख्या आहेत म्हणून शुगर तपासायची राहू देऊ नकोस. पुण्याजवळच्या खेड्यांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून केलेल्या अभ्यासात दिसलं, की आपल्याकडची बाळं वजनाला कमी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. आईच्या पोटातल्या उपासमारीची ही खूण पुढे मधुमेहाला वाट करून देते.

काकूंनी सिन्नरला विड्या वळल्या, तेव्हा मांडीवर सूप, नाकात तंबाखूची धूळ, घरी आल्यावर चुलीचा धूर. मजुरी हजार विड्यांवर, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. त्यामुळे आता जिना चढताना त्यांना दम लागतो तो ‘वय झालं’ म्हणून सोडू नकोस. फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी करून घे.

दात गेल्यापासून चहा-टोस्टवर भागवत असतील. त्यानं स्नायू झडतात, पायातलं बळ जातं. दोन्ही वेळा मुगाचं घट्ट वरण, ताकात कुस्करलेली भाकरी, चालत असेल तर रोज एक उकडलेलं अंडं. मीठ दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा, ठेचा-लोणचं त्यातच धरून.

सत्तरी झाली असेल तर आयुष्मानचं कार्ड काढून ठेव, आधारवर निघतं. ते दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडतं, रोजच्या गोळ्यांना नाही.

पाकिटात किती उरल्या, ते कळव.

तुझा,
सुधीर