गुहेतला गणपती आणि आपले हात

संपादक महोदय, सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर आम्ही इंदूरचे बावीस जण ग्रुप टूरनं अंदमानला जाऊन आलो. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपाशी सगळेच गप्प झाले होते, पण लिहायचंय ते बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहेबद्दल.

रात्री तीनला उठवलं, का तर जिरकाटांगच्या चेकपोस्टवर गाड्यांची लाइन लागते. तिथून जारवा आदिवासींच्या जंगलातून काफिल्यानं जायचं, मधे थांबायचं नाही, फोटो नाही. हे मात्र सगळ्यांनी गुमान पाळलं, पोलीस सोबत होते ना! मग मिडल स्ट्रेटच्या धक्क्यावरून फेरीबोट, पुढं स्पीडबोट, खारफुटीच्या फांद्या डोक्यावर टेकतील इतकी अरुंद खाडी, आणि शेवटी घामाघूम होत पायी.

आत गाइडनं चुनखडीच्या आपोआप घडलेल्या आकारांवर टॉर्च मारला, म्हणे हा बघा गणपती, हे कमळ. झालं! हात लावून नमस्कार करायला आपल्याच लोकांची रांग, एका काकूंनी तर ओल्या दगडावर नाणं चिकटवून पाहिलं. मीही हात लावला, खोटं कशाला बोलू.

घरी भाचीनं (भूगोल शिकवते ती) झापलं. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, चुनखडी विरघळवत खाली झिरपतं, छताला थेंब लोंबतो तेव्हा तो वायू उडतो आणि चुन्याचा बारीकसा थर तिथंच बसतो, असं करत करत तो आकार सेंटिमीटरभर वाढायला शंभर वर्षंही लागू शकतात म्हणे. त्यावर आपल्या हाताचं तेल लागलं की पाणी नीट धरत नाही, वाढ खुंटते, दगड काळा पडतो. स्वच्छतेत नंबर वन म्हणून मिरवणारे आपण, कचरा एकानंही टाकला नाही, पण हात सगळ्यांनी पुसले.

टूरवाल्यांना विनंती, निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये पोहे-कचोरीच्या बंदोबस्ताइतकंच हेही सांगा. पंढरपूरला पदस्पर्शाची रांग मोठी असली की मुखदर्शन घेऊन निघतोच ना आपण, तसं इथंही लांबूनच घ्यावं.

फेब्रुवारीत आमच्या कॉलनीतला दुसरा ग्रुप चाललाय. त्यांना सांगणार आहे, ऐकतील का कोण जाणे, कारण त्या गणपतीवर हात ठेवलेला माझाच फोटो व्हॉट्सॲपवर आधीच फिरून झालाय.

एक वाचक, रामबाग, इंदूर